मेथीतली पावलं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोल्फचं मैदान दिसतं. तिथल्या वाळूच्या खड्ड्यात चेंडू पडला, की खेळणारा तो टोलवतो आणि मग दाताळ्याने आपल्या पावलांचे ठसे पुसूनच बाहेर येतो. मागून येणाऱ्या खेळाडूला त्रास नको, म्हणून. ही रीत मला फार आवडायची.

आज सकाळी एक चेंडू कुंपणावरून आमच्या परसात आला आणि तिथे बसलेल्या सासूबाईंच्या खुर्चीशेजारची कुंडी फुटली. पाठोपाठ एक गृहस्थ कुंपण ओलांडून, मेथीचा वाफा तुडवत आत आले. "बॉल कुठे गेला, बघितलात का?" समोर म्हातारी बाई कुंडीच्या खापऱ्यांत बसलेली, पण तिला लागलं का, एवढं विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"अहो, इथे माणसं राहतात," मी म्हटलं.

"मैदानाशेजारी घर घेतलंत, मॅडम, एवढं चालायचंच." चेंडू उचलून ते वाफ्यातूनच परत गेले.

त्यांचा पुढचा फटका वाळूत पडला. चेंडू टोलवून झाल्यावर ते वाकून एकेक ठसा पुसू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वळण आहे, फक्त ते कुंपणाच्या अलीकडे राहणाऱ्या आमच्यासाठी नाही.

मी आमचं दाताळं घेऊन कुंपणापाशी गेले.

"ते झालं की इकडे या," मी म्हटलं. "तुमची पावलं अजून मेथीत आहेत."