लिव्हरबाईंचं ‘पक्कं’

आमच्या लिव्हरबाईंना खात्री नसलेली गोष्ट ‘बहुतेक’ म्हणूनसुद्धा सांगता यायची नाही. प्रयोगाचा निकाल जरा डळमळीत वाटला की महिनाभराचं काम कचऱ्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा लावू.” मी त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. त्या ‘पुन्हा लावू’ने माझी उमेदीची वर्षं खाल्ली.

बाई राहायला आसनगावला, पण मूळच्या मुरबाडकडच्या वैशाखरे गावच्या. भातकापणीच्या दिवसांत त्यांच्या धाकट्या भावाला गांधीलमाश्या डसल्या. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला आणि जीप मुरबाडला पोचायच्या आत तो गेला. तेव्हापासून बाई ॲलर्जीच्या त्या झटक्याच्या मागे लागल्या. लिव्हरमध्ये रक्तातली घाण गिळणाऱ्या राखणदार पेशी असतात. झटक्याच्या वेळी याच पेशी रसायनं सोडतात आणि रक्तदाब पाडायला हातभार लावतात का, हे बाई उंदरांवर तपासत; म्हणून त्या लिव्हरबाई. उत्तर कधी ‘हो’ यायचं, कधी ‘नाही’. “राखणदारावर आळ घ्यायचा तर पुरावा पक्का हवा,” असं म्हणत चष्मा काढून डोळे चोळायच्या.

दर शनिवारी गावी गेल्या की वडील विचारायचे, “काय गो, समाजलं का, माजा पोर कशानं गेला?”

“नाय बाबा. अजून टाइम लागंल.”

एका थंडीत बाबांनी अंथरूण धरलं. मीही बाईंबरोबर भेटायला गेले. नेहमीचा प्रश्न विचारून झाल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मीच धाडला गो त्याला त्या बांधावर. नको म्हनत होता तो.”

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले. बाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “समाजलं बाबा. त्याच्या लिव्हरच्या पेशींनीच घात केला. कुठंबी असता तरी झालं असतं. तुमचा दोष नाय.”

“पक्कं?”

“पक्कं.”

परतताना एसटीत मी विचारलं, “मॅडम, हे…”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात बाबा गेले. बाई सुतकानंतर कामावर आल्या आणि निवृत्तीपर्यंत येत राहिल्या. उत्तर अर्धवटच राहिलं. शेवटच्या दिवशी प्रयोगांच्या सगळ्या वह्या माझ्या टेबलावर ठेवत म्हणाल्या, “तुला या कामाचा कंटाळा आहे, माहीत आहे मला.”

“आहेच.”

“मग उत्तरासाठी घाई करणार नाहीस.”

जिना उतरताना त्या दोनदा थांबल्या. मी वरूनच बघत राहिले.