कांदेबागेत उतरलेला पंख

"नाना केळीमा पडनात. मी सोता दखं. आम्ही बठ्ठा बॅटऱ्या लीसन मझार घुसनूत, हाका मार्‍यात, तं मझारथीन त्यास्नी 'ओ' उनी. आम्हीच त्यास्ले बाहेर काढं."

हे निवेदन माझ्या धाकट्या भावाचे. चोपड्याच्या बाजारापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत तो ते सांगत असतो, आणि प्रत्येक वेळी बॅटऱ्यांची संख्या वाढत जाते. अहिराणी न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. मी माझ्या यंत्रचलित पॅराशूटसह केळीच्या बागेत पडलो, हाक ऐकून आतून ओ दिली, आणि मला बाहेर काढण्यात आले, असा त्याचा दावा आहे. या दाव्यावर विसंबून जळगावला राहणाऱ्या माझ्या मुलाने माझा पंख आपल्या घरी कुलपात ठेवला आणि मला सुनावले, "आबा, आता उडणं बंद." मी धुळ्याच्या न्यायालयात आयुष्यभर वकिली केली आहे. केवळ तोंडी साक्षीवर कोणालाही उरलेल्या आयुष्यासाठी जमिनीवर बसवता येत नाही, एवढे मला समजते. म्हणून हे लेखन.

ज्यांना माझे वय दिसते, त्यांनी आधी मी पंखाची राखलेली निगा पाहावी. तीनचाकी गाडी, तिच्या पाठीवर इंजिन आणि फिरते पाते, आणि वर दोऱ्यांना बांधलेला कापडी पंख, एवढेच हे वाहन. त्यातले इंजिन बंद पडले तरी माणूस सुखरूप उतरतो. पंखाने दगा दिला, तर मात्र उतरत नाही, पडतो. म्हणून माझा पंख मी विनाकारण क्षणभरही उन्हात राहू देत नाही, कारण ऊन कापडाला आतून खाते आणि वरून काही कळू देत नाही. ओला पंख मी कधी गुंडाळला नाही. त्याला साबण कधी लावला नाही. प्रत्येक उड्डाणाआधी एकेक दोरी बोटांतून ओढून पाहतो आणि पंखाच्या पोकळ कप्प्यांत नाकतोडा अडकला नाही ना, हे तपासतो, कारण कोंडलेला नाकतोडा कापड कुरतडतो. भावाच्या मक्याच्या रानात धावपट्टी आखली, तेव्हा धसकटे उपटून घेतल्याशिवाय मी तिथे पंख पसरला नाही.

आणि माझा एक नियम आहे. इंजिन या क्षणी बंद पडले तर कुठे उतरायचे, याचे उत्तर वर असताना सतत तयार असले पाहिजे. केळीची बाग वरून मऊ गादीसारखी दिसते. ती गादी नव्हे. म्हणून बागेवरून जाताना मी इतका उंच असतो की कोणत्याही क्षणी मोकळे रान गाठता यावे. "केळीमा पडनात" हे शब्द मला का बोचतात, ते आता लक्षात यावे. तो केवळ अपघाताचा आरोप नाही. मी माझा नियम मोडला, असा तो आरोप आहे.

दिवाळीनंतरचे दिवस होते. हवा स्थिर होती, सूर्य मावळायला अवकाश होता. मी मक्याच्या रानातून उठलो, तापीच्या पात्रावर एक वळण घेतले आणि परत फिरलो. उतरायचे रान समोर होते. त्याच्या पश्चिमेला भावाची कांदेबाग, म्हणजे कांद्याच्या हंगामात लावलेली केळी, घड धरलेली, टेकू दिलेली. बागेच्या पलीकडे विहीर आणि पंपाची खोली, आणि तिथे भाऊ व त्याचे मजूर.

रानाच्या रोखाने खाली येत असताना मला बागेवर दुसरा पंख दिसला.

तो माझ्यापेक्षा खाली होता. माझ्याच पंखासारखा नारिंगी, कडेला पांढरा पट्टा. पूर्ण फुगलेला होता आणि अजिबात डुलत नव्हता. हवेत कोणताही पंख थोडा तरी डुलतो. हा कोणीतरी दोरीने सोडावा तसा सरळ खाली चालला होता. माझे इंजिन मी मंद केले, तरी त्याच्या इंजिनाचा आवाज आला नाही. त्याच्या दोऱ्या खाली एकत्र येत होत्या, पण त्या जिथे येतात तिथे कोण बसले होते, हे मी सांगू शकत नाही, कारण सूर्य माझ्या डोळ्यांवर होता. जे मी पाहिले नाही, ते पाहिले असे मी म्हणणार नाही. पाने बाजूला झाली, तो आत गेला आणि पाने पुन्हा मिटली.

मी माझ्या रानात, माझ्या पट्टीवर, माझ्या चाकांवर उतरलो.

मुलाने यावर एकच स्पष्टीकरण दिले. "आबा, ती तुमचीच सावली."

"सूर्य कुठे होता?" मी विचारले.

"पश्चिमेला."

"बाग कुठे होती?"

बागही पश्चिमेलाच होती. सावली सूर्याच्या बाजूला पडत नाही. आणि सावलीला पांढरा पट्टा नसतो.

आता ओ देण्याविषयी. इंजिन बंद करून, हेल्मेट काढून मी पंख गोळा करू लागलो. बागेत दिवस लवकर मावळतो. रानात ऊन होते, पण केळीच्या ओळींमध्ये अंधार साचला होता. त्या अंधारात पलीकडून बॅटऱ्या शिरल्या आणि भावाची हाक आली, "नाना! ओ नाना!" मी उत्तरासाठी तोंड उघडले, आणि तेवढ्यात आतून उत्तर आले.

"ओ!"

मी तोंड मिटले.

भावाने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली, पण आता त्यांच्यापासून जरा दूर, माझ्या बाजूला. पुढची हाक, पुढची ओ, दर वेळी त्यांच्या काही ओळी पुढे. मजुरांपैकी कोणीतरी म्हणाले, "आठेच शे, आठेच शे!" म्हणजे इथेच आहेत, आणि ते सगळे धावू लागल्याचा आवाज आला. मी पंख छातीशी धरून उभा होतो. तो आवाज माझ्यासारखा होता, हे मी मान्य करतो. मला आदल्या दिवसापासून खोकला होता. आवाज करणाऱ्यालाही खोकला होता. शेवटची ओ बागेच्या बांधालगतून आली, इतक्या जवळून की मी त्या केळीच्या बुंध्यांकडे पाहण्याचे टाळले.

मग माणसे बाहेर आली. पुढे भाऊ, घामाघूम, सदरा बाहेर लोंबणारा. मला पाहून तो आधी थबकला आणि मग हसला. भ्यालेला माणूस जितक्या मोठ्याने हसतो, तितक्या मोठ्याने.

"काय नाना, घड मोजाले उतरनात का मझार?"

"मी आत गेलोच नाही."

"मंग ओ कोन दिनी? तुम्हना बापनी?"

"बाप तुझाही होता," मी म्हणालो. मजूर हसले नाहीत.

त्याने माझ्या गाडीला हात लावला, ती दोन पावले ढकलली. "बाहेर काढं" म्हणतो ते एवढेच.

माझा भाऊ खोटारडा नाही. त्याने पंख बागेत उतरताना खरोखर पाहिला, ओ खरोखर ऐकली. गावात एवढा एकच पंख आहे आणि असा आवाज एकाच माणसाचा, म्हणून त्याने निष्कर्ष काढला. त्याची चूक निष्कर्षात आहे. आजही मला पाहिले की तो आधी माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून बघतो आणि मगच "या नाना" म्हणतो. ते निरखणे मला अजिबात आवडत नाही.

त्याचा शेवटचा पुरावा मात्र दमदार होता. दुसऱ्या दिवशी तो मला हाताला धरून बागेत घेऊन गेला. मध्यभागी उभ्या केळी मोडून पडल्या होत्या, पाने चिरली होती, घड मातीत रुतले होते. वरून काहीतरी जड कोसळल्याखेरीज असे होत नाही. "आते बोला," तो म्हणाला.

मी जळगावला गेलो आणि मुलाला कुलूप काढायला लावले. भावालाही बोलावून घेतले होते. सकाळच्या उजेडात, गच्चीच्या सावलीत, आम्ही पंख पूर्ण पसरला. मी कप्प्याकप्प्यावरून हात फिरवला आणि दोघांना फिरवायला लावला.

"मग बागेत काय पडलं, आबा?" मुलगा हळूच म्हणाला.

"तो माझ्याविरुद्धचा आरोप नाही," मी म्हणालो. "माझ्यापुरते बोल."

मोडलेल्या केळीतून चीक गळतो. तो कापडाला लागला की काळा पडतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. खानदेशात केळीत काम करणाऱ्या प्रत्येकाकडे त्यासाठी वेगळा सदरा असतो. भाऊ त्या दिवशी नुसता ओळींमधून धावला, तरी त्याच्या सदऱ्यावर ते डाग आजही आहेत. माझ्या पंखावर एकही नाही.