दादाचा आवाज मेणात धरायला चांदीपला

बोळिंजहून चांदीपला कोण फिरायला जातं? आम्ही गेलो, कारण सोमवारी दादाचं स्वरयंत्रच काढून टाकणार होते. म्हणजे आवाज कायमचा गेला. आणि ह्या बाबाला तो आवाज स्वतः बनवलेल्या यंत्रावर, मेणाच्या तबकडीत कोरून ठेवायचा होता. "टेप कर की!" मी म्हटलं. "टेप काय, कुणीही करतं," म्हणाला. मुलखाचा हट्टी!

यंत्र विजेशिवाय चालतं. पत्र्याच्या कर्ण्यात ओरडायचं, अभ्रकाचा पडदा थरथरतो आणि त्याला लावलेली सुई फिरत्या मेणात रेघ कोरते. पण आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा पंप सुरू झाला की जमीन हादरते आणि रेघेत पंपच उमटतो. म्हणून परशुरामचं घर. हा दादाचा कारखान्यातला जुना सोबती, चांदीपला त्याचा भक्कम दगडी ओटा आहे.

शनिवारी सकाळी निघालो. जाणार असाल तर विरार पूर्वेहून रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, चंदनसारच्या पुढे परतीला वाट बघत बसावं लागतं. उन्हात मेण वितळेल ह्या धास्तीनं मी मेणाच्या दोन तबकड्या मासळीच्या थर्माकोल पेटीत, बर्फावर ठेवल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव खालीवर. दादा खोकला की त्याहून जास्त.

परशुरामनं तांब्या पुढे केला. "पयलं पानी घ्या. एवढ्या काय घाबरल्या, ताई?" त्याच्या बायकोनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी केली होती. वास झकास होता, पण मी पेटीचं झाकण उघडून तबकड्याच बघत बसले.

डॉक्टरांनी ओरडायला सक्त मनाई केलेली, आणि ओरडल्याशिवाय सुई हलत नाही. पहिली तबकडी लावली. दादा ओरडला आणि सुईखालचं मेण टचकन फुटलं. गारठून ठिसूळ झालं होतं. माझ्याच बर्फानं! मला रडू आवरेना. दादानं तोंड पुसलं, तर रुमालावर रक्ताचा ठिपका.

दुसरी तबकडी तासभर ओट्यावर तशीच ठेवली. "राहू दे रे दादा, घरी चल," मी हात जोडले. त्यानं तबकडी यंत्रावर चढवली. कर्ण्यात आपलं नाव सांगायचं ठरलं होतं, ओरडला भलतंच, मलाच: "सुमे, भिऊ नको!" मेणाची केसाएवढी तार सुईमागून निघत राहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर तबकडी एकदा लावली. खरखर खूप, पण दादाच! सुई उचलली तर टोकाला मेणाचा भुगा. मऊ मेण ते. दर वेळी ऐकताना दादा थोडा खरवडला जाणार. तेव्हापासून तबकडी माझ्या कपाटात, कुलूप लावून.

दादा पाटीवर लिहितो, "लाव." मी नाही म्हणते. परवा त्यानं पाटी आपटली, कपाटावर दोन्ही हातांनी धडका मारल्या. तोंड उघडून माझ्यावर ओरडत होता, आवाज कसलाच नाही. मी किल्ली दिली नाही.