तृप्ती सिस्टरांचा गुरुवार

नव्वद टक्के हा आकडा शेखर सोनवणेनं हवेतून काढला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे कुणीतरी विचारणार, एवढा हुशार पोरगा असं कसं करून बसला? हुशार होता म्हणूनच करून बसला. साध्या माणसानं रकाना कोरा सोडला असता.

शेखर मूळचा सटाण्याचा. डी.फार्म. करून नाशिकरोडच्या एका कॉलेजच्या आरोग्य खोलीत लागला होता. गोळ्या द्यायच्या, नोंदी ठेवायच्या आणि कम्प्युटर रुसला की त्याची समजूत काढायची, ही त्याची कामं. खोलीवर राज्य मात्र तृप्ती भोये सिस्टरांचं. एक खाट, एक कपाट, वजनकाटा आणि सिस्टरांचा आवाज, एवढ्यावर ते चालायचं.

जानेवारीत राज्यभरच्या कॉलेजांतल्या डॉक्टर-नर्स मंडळींची परिषद नाशकात भरणार होती. ज्यांना आपल्या कामावर शैक्षणिक सत्र घ्यायचं असेल त्यांनी प्रस्ताव पाठवावा, असा मेल सगळीकडे फिरला. बाकीच्यांनी तो वाचून सोडून दिला. सिस्टरांनी खुर्ची ओढली आणि शेखरला म्हणाल्या, "टाइप कर."

प्रस्तावाचा विषय होता, मार्गशीर्षातले गुरुवार. सेमिस्टरच्या परीक्षा नेमक्या त्याच महिन्यात येतात आणि निम्मं लेडीज हॉस्टेल महालक्ष्मीचा उपास धरतं. पहाटे उठून अभ्यास, पोटात चहा, वर तीन तासांचा पेपर. मग दुसरा तास उलटला की कुठल्यातरी बाकावरून धप्पकन आवाज येतो. पर्यवेक्षक पाणी शिंपडतात, मैत्रिणी वहीनं वारा घालतात, आणि पेपर राहतो अर्धा.

सिस्टरांनी गेली काही वर्षं यावर जे केलं होतं तेच इतर कॉलेजांना शिकवायचं होतं. त्या सांगत गेल्या, शेखर टाइप करत गेला. अडलं ते 'सत्रानंतर सहभागी काय करू शकतील' या रकान्यापाशी.

"लिही, मुलगी आली की तिच्यावर न ओरडता आधी विचारतील, शेवटचं काय नि कधी खाल्लंस."

"सिस्टर, इथं मोजता येईल असं लिहा म्हणतात. ओरडणं कसं मोजणार?"

"तू इथं दोन वर्षं आहेस. तुला अजून मोजता येत नाही?"

शेखरनं ते टाइप केलं. तेवढ्यात क्रिकेटवाल्या एका पोराचं कोपर फुटलं म्हणून सिस्टर मैदानावर धावल्या. शेवटचा रकाना राहिला होता, 'उपक्रमाचा परिणाम'. मुदत त्याच संध्याकाळपर्यंत. आता सटाण्यात शेखर ज्या क्लासला जायचा त्याच्या फ्लेक्सवर दरवर्षी 'शंभर टक्के निकाल' असायचा, शेखर गणितात राहिला त्या वर्षीसुद्धा. शंभर लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून त्यानं दहा टक्के प्रामाणिकपणासाठी सोडले आणि लिहून टाकलं, 'पेपरात चक्कर येऊन पडण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांनी घटलं.' मग पाठवून दिलं. खाली नाव अर्थातच सिस्टरांचं होतं.

आठवड्याभरात उत्तर आलं. निवड समितीला विषय आवडला होता. येत्या गुरुवारी गंगापूर रोडच्या कार्यालयात येऊन भेटावं आणि नव्वद टक्क्यांचा आधार सोबत आणावा.

सिस्टरांनी मेल दोनदा वाचला. चष्मा काढला.

"शेखर, हे नव्वद कुठून आलं?"

"अंदाजानं, सिस्टर."

"कुणाच्या?"

"म्हणजे... साधारण."

"मी कधी मोजलं? तू कधी मोजलं?"

"पण पोरी पडायच्या कमी झाल्यात ना?"

"झाल्यात. म्हणून खरं होतं तेच पुरलं असतं, येड्या!"

सिस्टर ओरडल्या नाहीत. शेखरला तेच जास्त लागलं. ओरडल्या असत्या तर हिशेब तिथल्या तिथे मिटला असता.

त्यांना हे सत्र का हवं होतं ते शेखरला माहीत होतं. सिस्टरांची भाची निकिता सुरगाण्याहून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकायला गेली होती. मागच्या मार्गशीर्षात ती भर पेपरात कोसळली, हनुवटीला टाके पडले, विषय राहिला आणि वर्ष गेलं. तिथेही आरोग्य खोली होती, नर्स होती. नर्सनं तिला म्हटलं होतं, कशाला करता गं असले उपास? निकिता त्या खोलीत पुन्हा फिरकली नाही. सिस्टरांना राज्यातल्या सगळ्या नर्सबायकांना एका खोलीत बसवून एवढीच गोष्ट सांगायची होती, आणि आता खोट्या आकड्यापायी ती संधी जायची वेळ आली होती.

खरं तर सिस्टरांच्या घरी मार्गशीर्षाचा उपास नव्हताच. सुरगाण्याच्या डोंगरात त्यांच्या पाड्यावर पूजा असते ती कणसरीची, म्हणजे धान्याची. आई-बाप भातकापणी झाली की दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जायचे आणि तृप्ती आश्रमशाळेत राहायची. तिथून नर्सिंग. हरसूलच्या आरोग्य केंद्रात काही वर्षं काढली. तिथल्या बाजारच्या दिवशी म्हाताऱ्या बायका रांगेत बसून एकमेकींना इंजेक्शनचे सल्ले द्यायच्या, त्या गर्दीत सिस्टरांचा आवाज तयार झाला. माणूस घाबरला की खोटं बोलतो, हेही त्या तिथेच शिकल्या.

कॉलेजात आल्या त्या पहिल्या वर्षी त्यांनी उपासाच्या पोरींना ग्लुकोज पाजायचा घाट घातला. एक पोरगी फणकाऱ्यानं म्हणाली, "तुम्हाला नाय कळायचं सिस्टर, तुम्ही उपास कुठं धरता?" पुढच्या गुरुवारपासून सिस्टर उपास धरायला लागल्या. देवीशी त्यांची ओळख अशी कामानिमित्त झाली, पण झाली ती पक्की. पेपरच्या आधी पोरी त्यांच्याकडे यायच्या आणि लिंबू-साखर-सैंधवाचं पाणी नि राजगिऱ्याचा लाडू घेऊन वर्गात जायच्या. सिस्टरही त्यांच्यासोबत तेच घ्यायच्या. खोलीत कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, हा नियम.

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला शेवटचा. परीक्षा मंगळवारीच आटोपल्या होत्या, म्हणून त्या दिवशी लाडू-पाण्याचा कार्यक्रम नव्हता, सिस्टरांच्या पोटात सकाळचा चहा होता तेवढाच. शेखरच्या मोटरसायकलवर मागे बसून त्या निघाल्या. द्वारका चौकात ट्रॅफिकनं अडकवून ठेवलं. शेखर आरशातून म्हणाला, "सिस्टर, मी एक सुचवू? आपण म्हणू, प्राथमिक निरीक्षण. असं म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

"तू आज बोलू नको."

"बरं."

"आणि गाडी नीट चालव. मेले तर नव्वद टक्के माझ्या नावावरच राहतील."

समितीत दोघं होते. डॉ. मीना देवरे, पांढऱ्या केसांच्या, सरळ पाठीच्या. आणि हर्षल पाटील नावाचे तरुण डॉक्टर, समोर लॅपटॉप. त्यांनी नमस्कार-चमत्कार झाल्याझाल्या विचारलं, "सिस्टर, ते नव्वद टक्के?"

"ते खोटं आहे," सिस्टर म्हणाल्या.

पाटलांची बोटं लॅपटॉपवरच थांबली. शेखरनं आज बोलायचं नव्हतं, तरी तो उठून उभा राहिला. "मॅडम, ते मी लिहिलं. सिस्टरांना न विचारता. त्यांना मेल आल्यावर कळलं."

"आधार काय धरला होता?" पाटलांनी विचारलं.

"आधार नव्हता, सर. आत्मविश्वास होता."

डॉ. देवरेंनी हसू दाबलं, पण पेन खाली ठेवलं. "मग आमच्यासमोर काय उरतं, सिस्टर?"

"जे झालं ते उरतं. पोरी पूर्वी पेपरात पडायच्या, आता माझ्याकडे येऊन पडतात. यंदाही दोघी आल्या. खाटेवर पडल्या, पाणी प्यायल्या, उठून पेपरला गेल्या. किती टक्के ते मला नाही सांगता येणार. पण हॉलमधून या वर्षी मला एकदाही बोलावणं आलं नाही. परीक्षा विभागाला फोन करून विचारा."

"पण यातून तुम्ही उपासाला उत्तेजन देताय, असं नाही वाटत?" देवरे मॅडमनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, मी नको म्हटलं तरी त्या धरणारच. फक्त मला सांगणार नाहीत. मेसमध्ये जेवलो म्हणून थाप मारतील."

"आणि जिला धरूच नये अशी मुलगी? इन्सुलिन चालू असलेली? हिमोग्लोबिन सहावर असलेली? तिला लाडू-पाण्यावर सोडणार?"

"नाही. तिच्यासाठी बदली."

"बदली म्हणजे?"

सिस्टर सांगायला लागल्या. गावाकडे सून आजारी पडली की सासू म्हणते, आजचा तुझा वार मी धरते. व्रतही मोडत नाही नि सूनही. तीच रीत त्यांनी हॉस्टेलमध्ये आणली होती. जिचा त्या दिवशी पेपर नाही ती जिला झेपत नाही तिचा गुरुवार घेते. घेणारीनं समोर पाण्याचा घोट घ्यायचा आणि 'घेतला' म्हणायचं. मग पहिलीनं पोटभर जेवायचं, अपराधी न वाटता.

"आणि मुली हे मानतात?" पाटलांनी विचारलं.

सिस्टर उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी स्वतःचे तळहात टेबलावर पालथे ठेवले. बोटं थरथरत होती, कपाळावर बारीक घाम होता. "आता माझीच साखर उतरलीये," त्या अगदी वजन सांगावं तशा म्हणाल्या. "सांगण्यापेक्षा दाखवतेच. शेखर, ये इकडे. आजचा माझा गुरुवार तू घे."

"मी?" शेखर म्हणाला.

"दुसरा कोण आहे? डॉक्टरांना देऊ?"

शेखरनं टेबलावरचा ग्लास उचलला, घोट घेतला आणि घसा खाकरून म्हणाला, "घेतला."

खोलीत कुणी हसलं नाही. देवरे मॅडमनी बेल वाजवली. कार्यालयातल्या लताबाई डोकावल्या. पोहे आणि साखर घालून चहा असं मॅडमनी सांगितलं. सिस्टरांनी बशी पुढे ओढली आणि समितीसमोर नीट, न लाजता, पोहे संपवले. हळूहळू बोटं थांबली. पाटील लॅपटॉप मिटून त्या बोटांकडे बघत राहिले होते.

"सिस्टर," देवरे मॅडम शेवटी म्हणाल्या, "टक्के काढा. 'पेपरात पडायच्या, आता माझ्याकडे येऊन पडतात' हेच वाक्य तिथे घाला. आणि पुढच्या वर्षीपासून मोजा, प्रत्येक मुलगी. कुणाकुणानं उपास अजिबात धरू नये, तो भाग डॉक्टरनं सांगायला हवा. त्याला मी येते तुमच्यासोबत. तासाऐवजी पाऊण तास मिळेल, चालेल?"

"चालेल," सिस्टर म्हणाल्या. "पण प्रात्यक्षिकाला पोहे लागतील."

जिना उतरताना शेखरला पंख फुटले होते. गाडी त्यानं थेट एका मिसळीच्या हॉटेलापाशी थांबवली. "सिस्टर, आज माझ्याकडून!" सिस्टरांनी नुसता चहा घेतला, पोट भरलं होतं. शेखरनं तर्री जादा मागितली. पाव बुडवून तीन-चार घास झाले असतील, तोच सटाण्याहून आईचा फोन आला.

"जेवना का रे?"

"जेवी ऱ्हायनू माय, मिसळ. लय भारी शे," तो म्हणाला आणि समोर बघितलं.

सिस्टर चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या. ओरडल्या नाहीत.

"सिस्टर," शेखरनं फोन खाली घेतला, "तुम्ही आधी का नाही बोललात?"

"बघत होते, आत्मविश्वास कुठपर्यंत जातो."

"आता?"

"आता काय, खा. टाकू नको. माझा एक गुरुवार तुझ्याकडे राहिला."

"पुढच्या गुरुवारी धरतो. देवाशप्पथ."

"पुढच्या गुरुवारी पौष लागला असेल."

जानेवारीत सत्र झालं. खोली भरली, मागे उभं राहायलाही जागा नव्हती. देवरे मॅडमनी आपला भाग चोख मांडला, सिस्टरांनी बदली दाखवली, पोहे आले. सिस्टरांच्या आवाजाला माईक लागलाच नाही. निकिताची गोष्ट त्यांनी नाव न घेता सांगितली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका नर्सबाईनं मान खाली घातली नि नंतर येऊन सिस्टरांचा नंबर घेतला. प्रश्नोत्तरांत जळगावच्या एक सिस्टर उठल्या. "ताई, जो घेतो तो खरंच धरतो का पण?"

शेखर प्रोजेक्टरच्या वायरीत एकदम गुंतून गेला.

"धरतो," तृप्ती सिस्टर म्हणाल्या. "एखाद्याचा राहिलेला असतो. पण मी विसरत नाही."

मार्गशीर्ष यायला अजून बराच वेळ आहे. शेखर मध्येच कधीतरी कॅलेंडर उलटून बघतो. हॉस्टेलच्या पोरींना ही गोष्ट कुणी सांगितली कोण जाणे, पण गोळी घ्यायला आली की जी ती त्याला आधी विचारते, "दादा, जेवलात?"