अठ्ठावन्न सरलं, दवाखाना सुटेना

जनावरांच्या दवाखान्यात किस्से जमतात ते माणसांचेच. जनावर बिचारं दुखलं की हंबरतं, बरं झालं की निघून जातं. बोलत बसतो तो मालक! देवणीकडच्या अशाच एका दवाखान्यातून मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो. आता आम्ही जुने लोक चहाला बसलो की एकातून एक निघतं.

*

गुरुजींनी आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून लावलेली. म्हणून मेच्या शेवटच्या दिवशी अठ्ठावन्न सरलं आणि मी घरी! आई म्हणाली, "आरं, तू तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास!"

"म्हणजे पोळ्यापर्यंतची नोकरी गुरुजींनी खाल्ली!"

"खाल्ली न्हाई, दिली! वय वाढवून शाळेत बसवलं म्हणून शिकलास. न्हाईतर शेरडं राखली असतीस."

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी पेढे घेऊन गेलो. गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलीनं घेतले.

*

आमचे डॉक्टर बिरादार माझ्याआधी रिटायर झाले. आमचा परिचर खाजाभाई त्यांच्यापेक्षा वर्षभरानं मोठा. पण शिपाई-परिचरांना साठपर्यंत नोकरी. निरोपसमारंभात डॉक्टर म्हणाले, "मी म्हातारा झालो आणि खाजाभाई अजून जवान! हा कुठला न्याय?"

खाजाभाई उठला. "साहेब, सरकारनं बराबर केलं. डोकं लवकर थकतं, हातपाय उशिरा!"

सगळ्यात मोठ्यानं डॉक्टरच हसले.

*

माझ्या निरोपाच्या दिवशी भाषणं रंगात आली आणि एक शेतकरी अडलेली गाय घेऊन गेटात उभा. नवीन डॉक्टर व्हिजिटला गेलेले. मी हार, शाल खुर्चीवर टाकली, बाह्या वर केल्या. खाजाभाईनं गाय धरली. बऱ्याच खटपटीनं वासरू आलं, जिवंत! देवणी जातीची कालवड, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची.

हात धुऊन येतो तर गाय माझा हार चघळतेय! शेतकरी ओशाळला.

मी म्हणालो, "खाऊ द्या. आजचा सत्कार तिचाच हाय!"

*

रिटायर झाल्यावरही फोन सुरूच. "साहेब, म्हैस चारा खाईना."

"अहो, मी रिटायर झालो."

"तुमी झालात हो, म्हैस कुठं झालीय?"

चप्पल घातली, गेलो. बायको म्हणाली, "बरं झालं. घरात बसून माझं डोकं खाण्यापरीस जावा!"

*

पुढं खाजाभाईही रिटायर झाला. पेन्शन सुरू ठेवायची तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. बँकेत मी त्याच्यासोबत गेलो. त्यानं मशीनवर अंगठा ठेवला, उमटेना. दुसरं बोट, तिसरं बोट, काहीच नाही. जन्मभर औषधाच्या पाण्यात हात घालून रेषाच झिजलेल्या!

काउंटरवरची मॅडम अवघडली. "चाचा, तुम्ही जिवंत आहात हे मशीन मानेना."

रांगेतून एक शेतकरी ओरडला, "मशीनला काय कळतंय? माझ्या गाईला इचारा!"

"माझ्या बैलाला इचारा!" मागून दुसरा.

"आमच्या शेळीला बी!" एक म्हातारी.

बघता बघता अख्खी रांग साक्षीला उभी. मॅडम हसली. तिनं मोबाईल काढला. "चाचा, चेहऱ्यावरून करू. इकडं बघा, आणि डोळे एकदा मिटून उघडा."

खाजाभाईनं मिटले, उघडले.

"चाचा, आधी डोळे पुसा. फोटो येईना!"