उतरत नाही ते ओझं

बुनलर्तने उभी हयात मुए थाय या थाई मुष्टियुद्धाच्या रिंगणात लाथा मारण्यात आणि झेलण्यात घालवली. डोक्याला आणखी मार बसला तर दृष्टी जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा पोटासाठी तो चटईवरची कुस्ती शिकायला गेला. शिकवणारी लामई त्याच्या छातीवर रेलली आणि बघता बघता त्याचा दम उखडला.

"अगं, मी पाच-पाच फेऱ्या खेळलोय!"

"दादा, तिथे लाथ मारून मागे सरता येतं, श्वास घेता येतो. इथे ओझं उतरतच नाही."

घरी चिकट भाताचा गोळा वळायला, पकडी धरून धरून आखडलेली त्याची बोटं मिटेनात. बायकोने घास भरवत विचारलं, "उद्या जाणार ना?"

"कशाला? उभ्याने लढायचं नाही, आडव्याने जमत नाही."

तिने पुढचा घास वळून त्याच्या तोंडाशी धरला.