रिकाम्या गाड्या भरणाऱ्या फरीदा आपा

फरीदा आपांच्या मुलीचा, निखतचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. व्हरांड्यात येऊन उचलला. ती एवढंच म्हणाली, "काका, अम्मी गेली. दुपारच्या नमाजानंतर नेतील. तुमी या." बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरून अकोल्याला पोचलो, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो, आणि कब्रस्तानाच्या रस्त्याला रिक्षा थांबली. पुढे जाताच येईना. रस्त्याच्या कडेला ट्रकच ट्रक उभे होते, काही रिकामे, बरेचसे भरलेले, ताडपत्र्या बांधलेले. मालाची घाई असलेले ड्रायव्हर मधल्या वाटेवरून गाड्या वळवून तिथे आले होते. टोपी नसलेल्यांनी डोक्याला रुमाल बांधले होते. फरीदा आपा आयुष्यात कधी ट्रक चालवायला शिकल्या नाहीत, पण त्यांना पोचवायला आलेली ती रांग पाहिली आणि वाटलं, ही बाई नक्की कोण होती ते एकदा सगळ्यांना सांगितलं पाहिजे.

पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला वाटलं होतं, मुलीच्या अॅडमिशनसाठी आल्यात. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो, तिथे त्या काखेत शाळेचा गुंडाळी नकाशा घेऊन आल्या. अकोल्याच्या उर्दू शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. नवरा वारल्यावर त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस विकून टाका, असं सगळे सांगत असताना त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी तो नकाशा माझ्या टेबलावर पसरला, एका बाजूला माझा पाण्याचा ग्लास ठेवला आणि बोलू लागल्या. त्यांची गाडी खत घेऊन परतवाड्याला गेली होती आणि रिकामी परत आली होती. त्याच दिवशी अंजनगावचा एक संत्रावाला तोडलेला माल बांधावर ठेवून गाडीसाठी वणवण फिरत होता. "दोघं एकाच रस्त्यावर उभे हायत," आपा म्हणाल्या, "आन एकमेकाले दिसून नाई राहिले. मले असा नकाशा पायजे, ज्याच्यात ते दिसतीन."

ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या जिल्ह्यांची नावं पेपरात एकाच बातमीसाठी यायची, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या. दिल्लीहून, मुंबईहून माणसं यायची, गावं पाहून जायची, पॅकेजची चर्चा व्हायची. त्या सगळ्यात एका बाईला वाटत होतं की निदान पिकलेला माल तरी वेळेवर हलला पाहिजे, आणि ते आपल्या हातातलं काम आहे. मी म्हणालो, आपा, इंटरनेटवर नकाशा टाकता येईल, पण आपल्याकडचे निम्मे रस्ते कुठल्याच नकाशात धड नाहीत. त्यांनी गुंडाळी उचलली. "मंग जाऊन पाहू," म्हणाल्या.

आणि खरंच गेल्या. मी एक हातात मावणारं जीपीएसचं यंत्र मिळवून दिलं होतं. ते पर्समध्ये टाकून, दुपट्टा डोक्यावर घट्ट ओढून त्या ट्रकच्या कॅबिनमध्ये बसायच्या. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, कारंजा... कोणत्या पुलावर भरलेली गाडी चालते, कुठे विजेच्या तारा खाली आल्यात, कुठल्या गावात बाजाराच्या दिवशी रस्ता बंद असतो, वजनकाटा कुठे चालू आहे, सगळं टिपून घ्यायच्या. सुरुवातीला ड्रायव्हर अवघडायचे. बिडी पेटवता येत नाही, गाणी लावता येत नाहीत. त्यांच्यात दादाराव होता, परतवाड्याकडचा, आपांच्या ऑफिसचा जुना ड्रायव्हर. तो एकदा वैतागून म्हणाला, "आपा, तुमी घरी बसा, मी सांगतो ना रस्ता." आपा म्हणाल्या, "तू मले सांगशीन. बाकीच्यायले कोण सांगीन?" पुढे दादारावच नवीन ड्रायव्हरांना बजावायचा की आपा बसल्या असतील तर गाडी खड्ड्यातून जपून काढा, त्यांच्या हातातलं यंत्र हलतं.

रविवारी मी अकोल्याला जायचो. ऑफिसच्या मागच्या खोलीत निखत माहिती भरायची, मी प्रोग्राम लिहायचो. वीज गेली की आपा आम्हाला चहा पाजत आणि आठवडाभराच्या प्रवासाच्या हकिगती सांगत. शेवटी साइट सुरू झाली. रस्ता चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर लाल. कुठली गाडी कुठे रिकामी होणार आणि कुठे माल पडून आहे, तेही त्याच नकाशावर. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांनी ऑफिसला फोन करायचा. संत्र्याच्या हंगामात पहिल्यांदा परतवाड्याहून परतणारी गाडी अंजनगावजवळ थांबली आणि भरून निघाली, तेव्हा दादारावनं वाटेतून फोन केला. आपांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि निखतला म्हणाल्या, "आता दुसरी पाह्य."

ट्रकअड्ड्यावरच्या दलालांना हे रुचणं शक्य नव्हतं. ज्याची गाडी आपांच्या नकाशावर दिसेल त्याला अड्ड्यावर माल मिळणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मालक घाबरले, एकेक गाडी नकाशावरून नाहीशी होऊ लागली. आपांनी ऑफिसातली प्लॅस्टिकची खुर्ची रिक्षात टाकली, अड्ड्यावर नेली आणि दलालांच्या समोर जाऊन बसल्या. रोज सकाळी. कुणी बोललं तर बोलायचं, नाही तर बसून राहायचं. अखेर त्यांच्यातला एक म्हातारा दलाल चिडून म्हणाला, "बाई, तुमी आमचं पोट काहून मारून राहिल्या?" आपा म्हणाल्या, "भरलेल्या गाड्या तुमच्या. मी त्यायले हात लावला का? रिकाम्या मले द्या." महिना उलटायच्या आत तोच दलाल, परतीचा माल आहे का म्हणून ऑफिसात फोन करू लागला.

पण खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली. मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं होतं, म्हणून दादाराव खत घेऊन आडरस्त्यानं परतवाड्याकडे निघाला. निघण्याआधी त्यानं ऑफिसात विचारलं होतं. नकाशावर तो रस्ता हिरवा होता. आपांनी स्वतः त्यावरून जाऊन तो हिरवा केला होता, उन्हाळ्यात. मधल्या पुरानं एका रपट्याची, नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलाची, कड आतून पोखरली होती, वरून काहीच कळत नव्हतं. भरलेली गाडी कडेसकट नाल्यात कलंडली. दादाराव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अमरावतीच्या दवाखान्यात मी आपांच्या सोबत होतो. दादारावची बायको पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. दादाराव म्हणाला, "आपा, तुमच्या नकाशात हिरवं होतं." आपा म्हणाल्या, "हो." बाहेर आल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

गाडीमालकांची बैठक झाली. एकानं सुचवलं, साइटच्या खाली बारीक अक्षरात लिहून टाका की रस्त्याची जबाबदारी आमची नाही. आपा उठून उभ्या राहिल्या. "तसं लिहून आपण सुटून जाऊ. गाडी कशी सुटीन? नकाशा खोटा नव्हता, जुना झाला होता. आन जुना झाला हे त्याच्यावर कुठी दिसत नव्हतं. चूक ती हाये, आन ती माही हाये." त्या पावसाळ्यापुरती त्यांनी साइट बंद केली. मग आम्ही सगळं नव्यानं बांधलं. आता प्रत्येक रस्त्यावर, तो शेवटचा कोणी आणि कधी पाहिला, ते लिहिलेलं असायचं. काही दिवस कुणी पाहिला नाही की रंग आपोआप राखाडी व्हायचा. राखाडी म्हणजे आम्हाला माहीत नाही, विचारून जा. बरेच जण हसले. नकाशा काढता आणि त्यात माहीत नाही असं लिहिता? आपा म्हणायच्या, "माईत नाई हे सांगाले बी मेहनत लागते."

पण रोज रस्त्यांची खबर घेणार कोण? त्यासाठी त्या दादारावच्या घरी गेल्या. त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या. एकदा मी बरोबर होतो. तो ओट्यावर बसून म्हणाला, "मले दया नाई पायजे, आपा." त्या म्हणाल्या, "मी घेऊन बी नाई आली. रपटा कसा दगा देते हे ज्याले माईत हाये, तो माणूस मले फोनवर पायजे. पगार बाकीच्यायइतकाच भेटीन." पुढच्या सोमवारी दादाराव कुबड्या घेऊन एसटीनं अकोल्याला आला आणि ऑफिसात फोनजवळ बसला. त्यांच्यात माफीची भाषा कधी झाली का, मला ठाऊक नाही. पण आपांच्या डब्यातली एक भाकर त्या दिवसापासून दादारावची असायची.

काम वाशीम, बुलडाणा, यवतमाळपर्यंत पसरलं. पुढे प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर मोठ्या कंपन्यांचे नकाशे आले, आणि लोक म्हणू लागले की आता तुमची गरज काय. आपांना त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. "त्यायच्या नकाशात रस्ता हाये," त्या म्हणाल्या, "ट्रकाखाली तो टिकते का, ते नाई." शेवटची दोन-तीन वर्षं मूत्रपिंडाच्या आजारानं त्यांना थकवलं होतं. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात सुया टोचून पडून राहायच्या, तिथूनही मला फोन यायचा की अमुक रस्ता राखाडी झाला, कुणाला तरी पाठवा. निखतनं चिडून फोन काढून घेतला, तर नर्सच्या फोनवरून केला.

आपा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, फातेहाला मी अकोल्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर ऑफिसात आलो. निखतनं खिडकी उघडली, दादारावनं कुबड्या भिंतीला टेकवल्या. हे पुढे चालवायचं की थांबायचं, ते त्या दिवशी बोलून ठरवावं असं माझ्या मनात होतं. विषय कसा काढावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दादारावनं उचलून निखतला दिला. पलीकडून कुणी तरी मोठ्यानं, गाडीच्या घरघरीत बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. लांबचा ड्रायव्हर असावा, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. "आपा, कारंजाच्या रस्त्यावर झाड पडलं, लिहून घ्या."

निखत आपांची खुर्ची पुढे ओढून तिच्यात बसली.

"हो, बोला," ती म्हणाली. "तुमी सोता पाहून आले का?"